उधारीवरचे शूरवीर

सिनेमातला फ्रेंच तलवारबहाद्दर झुंबराला लोंबकळत येतो. टोपीत पीस, गुडघ्यापर्यंत बूट, हातात लखलखतं पातं. पुस्तकातला मात्र एका पिवळ्या घोड्यावर बसून येतो, आणि ते घोडं बघून सगळं गाव खिदळतं.

अलेक्झांडर ड्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ सुरू होते १६२५ सालच्या एप्रिलातल्या पहिल्या सोमवारी. गॅस्कनी प्रांतातला दार्तान्याँ नावाचा अठरा वर्षांचा पोरगा नशीब काढायला पॅरिसला निघालेला आहे. घराणं खानदानी, म्हणजे घरात सांगण्यासारखं पुष्कळ आणि विकण्यासारखं काही नाही. निघताना वडिलांनी त्याला पंधरा एक्यू दिले, राजाच्या मस्केटिअरांचे कप्तान त्रेव्हिल यांच्या नावाची चिठ्ठी दिली आणि हा घोडा दिला. घोड्याचं वय बारा-चौदा, शेपटीला केस नाहीत, आणि रंग असा की तो फुलांत खपला असता. वडिलांनी बजावलं, हा घोडा कधी विकू नकोस, त्याला म्हातारपणी मानाने मरू दे.

वाटेतल्या एका खाणावळीत कुणी अनोळखी सरदार त्या घोड्याकडे बघून हसतो. झालं. पोरगा तलवार उपसतो, खाणावळवाल्याच्या माणसांचे दांडके खातो आणि शुद्धीवर येतो तेव्हा शिफारसपत्र गायब. पुढे पॅरिसच्या वेशीपाशी पोचल्यावर तो पहिलं काम कोणतं करत असेल, तर वडिलांचा घोडा विकायचं. तीन एक्यू मिळतात. घेणारा व्यापारी स्पष्टच सांगतो की एवढी भरमसाट किंमत फक्त रंगाच्या नावीन्यासाठी दिली आहे. साहसकथेच्या नायकाचं राजधानीतलं पहिलं यश म्हणजे हा सौदा. मला तो त्याच्या पुढच्या कुठल्याही द्वंद्वापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

या पुस्तकांबद्दल बोलताना लोक तलवारीबद्दल बोलतात. माझं म्हणणं असं की तलवार ही त्यांतली सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे. खरी कथा चालते ती जेवण, भाडं, कपडे आणि घोडा यांवर. हे वीर मरणाला घाबरत नाहीत याचं एक कारण मला असं दिसतं, की महिनाअखेर काढण्यापेक्षा मरण बरंच सुटसुटीत असतं.

पोर्थोसचंच बघा. तिघा मस्केटिअरांतला हा आडदांड, दिमाखदार गडी. खांद्यावरून तलवारीसाठी जरीचा रुंद पट्टा घातलेला, आणि वरून लांब झगा, कारण म्हणे सर्दी झाली आहे. दार्तान्याँ घाईघाईत त्याच्यावर आदळतो, झग्यात गुंडाळला जातो, आणि आत काय बघतो, तर जर फक्त समोरच्या बाजूला. पाठीमागे साधं कातडं. अख्खा पट्टा जरीचा परवडला नाही, म्हणून अर्धा. सर्दी त्या उरलेल्या अर्ध्यासाठी. आता पोर्थोसने या पोराला द्वंद्वाला बोलावणं भागच होतं. माणूस अपमान गिळेल, पण आपली पाठ कुणी पाहिली हे गिळवत नाही. त्याच सकाळी आथोसच्या जखमी खांद्याला धक्का मारून झालेला असतो, त्यामुळे बाराची वेळ त्याला दिलेली, पोर्थोसला एकची, आणि आरामिसच्या पायाखालचा, बाईमाणसाचा वाटणारा, रुमाल उचलून देण्याचा आगाऊपणा केल्यामुळे त्याला दोनची. एका दिवसात तीन द्वंद्वं, तीही गावात कुणाची ओळख नसताना. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कार्डिनल रिशल्यूचे शिपाई येतात, चौघं एका बाजूला होतात आणि मैत्री जमते.

इथे एक गंमत सांगायला हवी. खरा दार्तान्याँ होऊन गेला. नाव शार्ल द बात्झ-कास्तेलमोर, जन्म गॅस्कनीतल्या लुपियाक इथे, साधारण १६११ चा. म्हणजे १६२५ मध्ये तो जेमतेम चौदा वर्षांचा असणार. त्रेव्हिलही तेव्हा मस्केटिअरांचा कप्तान नव्हता. ते पद त्याला १६३४ मध्ये मिळालं. ड्यूमाने इतिहासाकडूनही उसनंच घेतलं, आणि परत करताना रक्कम मोजली नाही. खऱ्या माणसाने चौदाव्या लुईसाठी अर्थमंत्री फुके याला १६६१ मध्ये पकडलं आणि १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात तो पडला. त्याच्या नावाने बनावट आठवणी लिहिल्या कुर्तिल द सांद्रास नावाच्या लेखकाने, १७०० साली. ड्यूमाला कथेचं बी सापडलं ते त्यांत.

असो. मैत्री जमते, राजा खूश होऊन चाळीस पिस्तोल, म्हणजे नाणी, देतो, आणि त्या पैशांचं काय करावं यावर तीन मित्र तीन सल्ले देतात. आथोस म्हणतो, झकास जेवण. पोर्थोस म्हणतो, नोकर ठेव. आरामिस म्हणतो, प्रेयसी बघ. जेवणाच्याच दिवशी पोर्थोस नोकरही शोधून आणतो. प्लांशे नावाचा हा इसम पुलावर उभा राहून खाली नदीत थुंकत होता आणि पाण्यात उठणारी वर्तुळं बघत होता. पोर्थोसला वाटलं, एवढ्या तल्लीनतेने थुंकणारा माणूस चिंतनशील असला पाहिजे. मुलाखत संपली. नोकरभरतीची याहून वाईट पद्धत मी प्रत्यक्षात पाहिली आहे, आणि तिच्यात उमेदवाराची थुंकीसुद्धा तपासलेली नव्हती.

मग पिस्तोल संपतात. हा या कादंबरीचा माझा सर्वांत आवडता भाग. चार वीर, मागे चार नोकर, उपाशी पोटी पॅरिसच्या नदीकाठाने आणि पहाऱ्याच्या चौक्यांवरून फिरताहेत, कुणी ओळखीचा भेटून जेवायला बोलावतो का हे बघत. आरामिसची शिकवण अशी, की चांगल्या दिवसांत इकडेतिकडे जेवणं पेरून ठेवावीत म्हणजे वाईट दिवसांत ती उगवतात. आथोसला चार आमंत्रणं मिळतात, पोर्थोसला सहा, आरामिसला आठ. प्रत्येक वेळी आमंत्रण एकाला, आणि पंगतीला चौघे अधिक नोकर. बिचारा दार्तान्याँ गावात नवखा. त्याला मिळतो एका गाववाल्या पाद्र्याकडे चॉकलेटचा नाश्ता आणि एका लष्करी अधिकाऱ्याकडे एक जेवण. पाद्र्याकडे तो सगळी फौज घेऊन जातो, आणि त्या बापड्याचा दोन महिन्यांचा शिधा एका बैठकीत फस्त होतो. आमंत्रणं देता येत नाहीत याची त्याला मनापासून लाज वाटते. परक्या गावात नोकरीला येऊन दुसऱ्यांच्या घरी जेवलेल्या कुणालाही ही लाज ओळखीची वाटेल. तलवारीच्या शंभर घावांतून उभा राहिला नसता एवढा हा पोरगा त्या लाजेतून माणूस म्हणून उभा राहतो.

आणि यांचे शत्रू? कार्डिनलच्या माणसांना पैशांची चणचण कधीच नसते. तिथे थैली आधी, काम नंतर. दार्तान्याँचा घरमालक बोनास्यू हा कार्डिनलकडून पैशांची थैली घेऊन घरी येतो तो त्याचा भक्त होऊनच. पुढे कार्डिनलच्या कटातून राणीची इभ्रत वाचवायला, तिचे हिरे परत आणण्यासाठी, लंडनला जायचं ठरतं तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न येतोच. घरमालकाची बायको कोन्स्तान्स तीच थैली काढून दार्तान्याँच्या हातात ठेवते. म्हणजे कार्डिनलचा कट कार्डिनलच्याच खर्चाने उधळला जातो. खलनायकाकडे रोकड आणि नायकाकडे कल्पकता, अशी वाटणी ड्यूमाने पक्की करून ठेवली आहे, आणि ती मला न्याय्य वाटते, कारण रोकड असती तर नायकाने कल्पकतेचे कष्ट घेतले नसते.

लंडनहून परत येताना ड्यूक ऑफ बकिंगहॅमने दिलेले चार उमदे इंग्लिश घोडे हाताशी येतात. आता तरी चौघांची वाहनांची सोय झाली, असं वाचकाला वाटतं. पण जाताना वाटेत मागे राहिलेला आथोस त्या वेळी आमियँच्या एका खाणावळीच्या तळघरात नोकर ग्रिमोसह स्वतःला कोंडून घेऊन बसलेला असतो. खोट्या नाण्यांचा आळ आल्यावर तो लढत लढत तिथे शिरला आणि मग तिथली दारू आणि खाणं संपेपर्यंत बाहेर यायचं कारण त्याला दिसलं नाही. सुटका झाल्यावर तो एका इंग्रजाबरोबर फाशांनी जुगार खेळतो आणि आपला घोडा हरतो. मग दार्तान्याँचा हरतो. मग दार्तान्याँच्या बोटातला, राणीने दिलेला हिरा हरतो. मग पणाला लावायला काही उरत नाही, तेव्हा ग्रिमोला लावतो, त्याचे दहा हिस्से पाडून. ग्रिमोच्या जोरावर हिरा परत येतो, घोड्यांची खोगिरंही येतात. घोडे येत नाहीत. ग्रिमोला मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या मालकाने त्याला बोलायचीच मनाई केलेली आहे, खाणाखुणांवर संसार. मला इथे हसू येतं आणि मग थोडं थांबतं. खानदानी उदारपणात दुसऱ्याला पणाला लावण्याची ही सवय महाभारतापासून कुणाला सुटलेली नाही.

पुढे चौघं एकत्र जेवायला बसतात. बेत चांगला आहे. काय खातो आहोत ठाऊक आहे का, असं आथोस विचारतो. कुणी म्हणतं वासराचं मांस, कुणी आणखी काही. आथोस शांतपणे सांगतो, घोडा. पोर्थोसने आपला घोडा विकून हे जेवण घातलेलं असतं. त्याचं कारण, घोडा इतका देखणा की भेटायला येणाऱ्यांना आपली लाज वाटायची. आरामिसनेही विकलेला. थोडक्यात चार वीर, चार खोगिरं आणि एकही घोडा नाही.

मग ला रोशेलचा वेढा जाहीर होतो. आपापली सामग्री आपणच आणायची, हा राजाचा हुकूम. राजाच्या सर्वांत निवडक पथकातले हे लोक तेव्हा ज्या चिंतेत पडतात, तिच्यापुढे कार्डिनलचे सगळे कट फिके. आथोस खोलीतून हलतच नाही. सामान चालत आलं तर ठीक, नाही तर शेवटच्या दिवशी कार्डिनलचे चार शिपाई किंवा आठ इंग्रज गाठून मानाने मरू, असं त्याचं नियोजन. पोर्थोस एका वकिलाच्या पन्नाशीच्या बायकोवर, मादाम कोकनारवर, प्रेमाचा मारा सुरू करतो. ती त्याला नवऱ्याच्या घरी जेवायला बोलावते. तिथे म्हाताऱ्या कोंबडीचं पातळ पाणी, घेवड्याच्या शेंगांत तरंगणारी हाडं, आणि भुकेले कारकून, जे शेवटचे गोड पदार्थ येण्याआधी कामाला पिटाळले जातात. कंजुषीचं एवढं सविस्तर वर्णन फक्त भरपूर खाणाराच करू शकतो, आणि ड्यूमा भरपूर खाणारा होता. त्याने आयुष्याच्या शेवटी पाककलेचा जाडजूड कोशच लिहिला.

त्या कंजूष घरातून पोर्थोसला पहिल्यांदा काय मिळावं? एक मरतुकडं खेचर आणि एक घोडा. दार्तान्याँ रस्त्यात तो घोडा बघतो आणि ओरडतोच. रंग पिवळा. पॅरिसच्या वेशीवर तीन एक्यूंना विकलेला तोच. पोर्थोस रागारागाने दोन्ही जनावरं नोकराकरवी वकिलाच्या दाराला बांधायला लावतो. त्या घोड्याचं पुढे काय झालं ड्यूमा सांगत नाही. वडिलांची आज्ञा होती की त्याला मानाने म्हातारं होऊ द्यावं.

लेखकाच्या आयुष्यात डोकावलं की हे सगळं कुठून आलं ते समजतं. ‘थ्री मस्केटिअर्स’ ‘ल स्येक्ल’ या दैनिकात मार्च ते जुलै १८४४ मध्ये पानाच्या खालच्या पट्टीत रोज थोडी थोडी छापून आली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये पुढच्या अंकाची वाट पाहणारी पिढी अर्ध्या शतकानंतरची; पॅरिसचा वाचक तर रोजच टांगलेला. मानधन ओळींवर. सांगतात, की ग्रिमोची एकशब्दी उत्तरं ड्यूमाला फार लाडकी होती, कारण ‘हो’ म्हटलं तरी ओळ पूर्ण धरली जायची. संपादकांनी ठरवलं की अर्ध्या रकान्यापुढे न गेलेल्या ओळीचे पैसे नाहीत, आणि ड्यूमाने ग्रिमोचं काम काटछाट करून टाकलं. आख्यायिका असेल. पण जुगारात दहा तुकडे झालेल्या ग्रिमोच्या नशिबाला ती शोभते. लेखनात ऑग्युस्त माके नावाचा इतिहासाचा माजी शिक्षक ड्यूमाचा जोडीदार होता. कच्चा मसुदा, इतिहासाची हमाली त्याची. त्याचं नाव पुस्तकावर आलं नाही. पुढे तो कोर्टात गेला, पैसे मिळाले, नाव नाही. म्हणजे लेखनाच्या घरातही एक ग्रिमो होताच.

पैसा आला तसा ड्यूमाने पोर्त-मार्ली इथे ‘मॉन्टे क्रिस्टो’ नावाचा वाडा बांधला, आणि आवारात लिहिण्यासाठी खंदकवाली छोटीशी गढी. तिच्या दगडांवर स्वतःच्या पुस्तकांची नावं कोरली. थोड्याच वर्षांत वाडा विकावा लागला. स्वतःचं नाट्यगृह काढलं, तेही बुडालं. १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा व्हिक्टर ह्यूगो ब्रसेल्सला पळाला. ड्यूमाही ब्रसेल्सला पळाला. ह्यूगोच्या मागे सरकार होतं, ड्यूमाच्या मागे सावकार. एक बेलीफ वारला, त्याच्या अंत्यविधीला वीस फ्रँक द्या असं कुणी म्हणालं, तर याने चाळीस काढून दिले आणि दोघांना पुरायला सांगितलं, अशीही एक गोष्ट सांगतात. आणि शौर्याचं म्हणाल, तर १८२५ मध्ये त्याने पहिलं द्वंद्व केलं त्यात त्याची विजार घसरली. पोर्थोसची सर्दी कशासाठी असते हे अशा माणसाला शिकवावं लागत नाही.

पण घरात एक खरा तलवारबहाद्दरही होऊन गेला होता. ड्यूमाचे वडील जनरल तोमा-अलेक्सांद्र ड्यूमा, आजच्या हैतीत एका गुलाम बाईच्या पोटी जन्मलेले, क्रांतीच्या फौजेत शिपायाचे जनरल झालेले. १७९७ मध्ये टिरोलमधल्या एका पुलावर त्यांनी एकट्याने ऑस्ट्रियन घोडदळ रोखून धरलं. इजिप्तहून परतताना ते नेपल्सच्या राज्यात कैदेत पडले, दोन वर्षांनी शरीर खचलेल्या अवस्थेत सुटले. थकलेला पगार मागत राहिले; नेपोलियनने दिला नाही. १८०६ मध्ये ते गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. विधवेला निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. शेवटी कित्येक वर्षांनी तंबाखूच्या दुकानाचा परवाना मिळाला. राजासाठी जीव द्यावा आणि जेवणासाठी वणवण करावी, हे ड्यूमाला कुठल्या बनावट आठवणींतून घ्यायची गरज नव्हती. त्याने फक्त त्यातला कडूपणा काढला आणि जागी रस्सा ओतला.

बाकीच्या लेखकांनीही हा रिकामा खिसा उचललेला दिसतो. तेओफिल गोत्येचा ‘कॅप्टन फ्राकास’ १८६३ चा. नावाची जाहिरात करून गोत्येने प्रकाशकांना पंचवीसेक वर्षं ताटकळत ठेवलं. त्याचा नायक बॅरन सिगोन्याक पडक्या वाड्यात राहतो, जोडीला एक म्हातारा नोकर, एक कुत्रा, एक घोडा आणि बेल्झेबुथ नावाचं मांजर. सगळे सारखेच उपाशी. फिरती नाटक मंडळी रात्रीच्या आसऱ्याला येते ती स्वतःचं जेवण घेऊन येते, आणि यजमान पाहुण्यांच्या अन्नावर जेवतो. बॅरन त्यांच्यामागे निघून नट होतो. तीनशे पानं तलवारबाजी होते, पण दारिद्र्य फिटतं ते मांजरामुळे. सुखाच्या मेजवानीत बेल्झेबुथ अतिखाण्याने मरतं, त्याला पुरायला खड्डा खणतात, आणि खड्ड्यात पूर्वजांचा खजिना सापडतो.

पॉल फेव्हालच्या १८५७ च्या ‘कुबड्या’तला लागार्देर तर अधिक व्यवहारी. दोन भुवयांच्या मधोमध बसणारा नेव्हेर घराण्याचा गुप्त वार त्याला येतो, पण पॅरिसमधल्या सट्ट्याच्या तेजीत खोटं कुबड लावून तो शत्रूच्या आवारात शिरतो कसा, तर भाडेकरू म्हणून. त्या शत्रूने, गोंझागने, वाड्याचा कोपरान् कोपरा दुकानांसाठी भाड्याने लावलेला. उरलेलं असतं कुत्र्याचं घर. लागार्देर तेच घेतो, तीस हजार लिव्र देऊन. शेअरवाल्यांना सह्या करायला कुबडाची पाठ भाड्याने देतो ती वेगळी. मुंबईत घर शोधलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

आणि रोस्ताँचा सिरानो, १८९७ च्या डिसेंबराच्या अखेरीस पॅरिसच्या रंगमंचावर आलेला. नाटक बंद पाडतो, आणि कलावंतांचं नुकसान नको म्हणून पैशांची थैली मंचावर फेकतो. नंतर मित्राला कबूल करतो की महिन्याचे सगळे पैसे तेवढेच होते आणि आपण जेवलेलो नाही. फराळ विकणारी मुलगी त्याला हवं ते घे म्हणते. तो द्राक्षाचा एक मणी, पेलाभर पाणी आणि बदामी बिस्किटाचा अर्धा तुकडा घेतो. अर्धा. पोर्थोसचा पट्टा आणि सिरानोचं बिस्किट या एकाच कुळातल्या वस्तू. एकाने अर्ध्यात ऐट दाखवली, दुसऱ्याने अर्ध्यात ऐट राखली.

२००२ मध्ये ड्यूमाची शवपेटी मस्केटिअरांच्या वेशातल्या पथकासोबत पॅरिसच्या पँथेऑनमध्ये नेली. खर्च सरकारी होता, त्यामुळे या खेपेला मागे कुणी बेलीफ नव्हता.

दार्तान्याँची गोष्ट मात्र ड्यूमाच्या हातूनच, मस्केटिअरांच्या कथेच्या तिसऱ्या भागात, वेगळ्या वळणाला लागलेली. पन्नाशी उलटलेली, राजाची नोकरी सोडलेली. पुलावरून थुंकणारा प्लांशे आता मिठाई आणि किराण्याचा प्रतिष्ठित व्यापारी आहे, दुकान र्यू दे लोंबार्दवर. मालक जुन्या नोकराकडे प्रस्ताव घेऊन येतो: इंग्लंडच्या चार्ल्सला गादीवर परत बसवायचं, दोघांनी सारखं भांडवल घालायचं, नफा वाटून घ्यायचा. रीतसर करार लिहिला जातो. माणसं किती लागतील, किती कमी केली तर भागेल, याचा बारीक हिशोब होतो. दार्तान्याँ ‘प्लांशे आणि कंपनी’साठी इंग्लंडला जातो, तिथल्या जनरल मंकला पेटीत घालून समुद्रापार आणतो, चार्ल्सला गादी मिळते, भांडवल कित्येक पटींनी परत येतं. १६६० चं हे राज्यारोहण इतिहासाच्या पुस्तकांत मंकच्या खात्यावर जमा आहे. प्लांशेच्या दुकानाचं नाव कुठेही नाही.